साठीनंतर काहीही न शिकण्याचे उपाय

रिटायर झालात? अभिनंदन. आता एकच पथ्य पाळायचं, चुकूनही काही नवीन शिकायला जायचं नाही. "साठी बुद्धी नाठी" म्हणतात ते काय उगाच? ही म्हण काढणाऱ्याचं स्वतःचं वय तेव्हा किती होतं असले आगाऊ प्रश्न विचारू नका. पोहायला शिकावंसं वाटलं, एखादी नवीन भाषा शिकाविशी वाटली, अर्धवट राहिलेली डिग्री पूर्ण करावीशी वाटली, की ग्लासभर पाणी प्यायचं आणि जरा पडायचं. उतरतं अर्ध्या तासात.

नाही उतरलं तर विज्ञानाला हाताशी धरा. वय वाढतं तसा नवीन गोष्ट टिपायचा वेग कमी होतो, हे अगदी खरं, खुशाल सांगा सगळ्यांना. फक्त तिथेच थांबायचं. शब्दसंग्रह आणि आयुष्यभर गोळा केलेलं ज्ञान साठीतही बहुतेकांचं शाबूत असतं, उलट वाढलेलंच असतं, हे पुढचं घरात मोठ्याने वाचू नका, लोकांच्या अपेक्षा वाढतात.

तरी कोणीतरी उदाहरणं फॉरवर्ड करणारच. केनियातले ते किमानी मारुगे, २००४ मध्ये ८४ व्या वर्षी पहिलीत जाऊन बसले, युनिफॉर्म घालून, पोरांच्या शेजारी, का तर बायबल स्वतःचं स्वतः वाचता यावं म्हणून. बरं, गप बसून शिकावं ना, तर पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला जाऊन शिक्षणावर बोलूनही आले. अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेस, संधिवाताने सुई धरवेना म्हणून भरतकाम सुटलं, तर देवाचं नाव घेत बसायचं सोडून बाईंनी ब्रश उचलला आणि १९४० मध्ये, वय वर्षं ८०, चित्रांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन. जपानच्या मासाको वाकामिया यांनी तर ८१ व्या वर्षी आयफोनसाठी गेम बनवला. असल्या मेसेजला अंगठा द्या आणि पुढे जा. "ते लोकच वेगळे हो" हे एक वाक्य पाठ असू द्या, सगळ्यांना पुरतं.

आणि उशीर म्हणाल तर तो साठीला होत नाही, त्याच्या कितीतरी आधीच झालेला असतो. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ २४ व्या वर्षी शिकागोला फिजिक्स शिकायला गेले तर तिथे त्यांना ऐकवण्यात आलं की या विषयात ज्यांनी काही करून दाखवलं त्यांचं तुझ्या वयापर्यंत करूनही झालं होतं आणि तू आत्ता सुरुवात करतोयस! माणसाने ऐकलं असतं तर किती दगदग वाचली असती, पन्नाशी उलटल्यावर लिथियम बॅटरीच्या मागे लागला नसता आणि २०१९ मध्ये ९७ व्या वर्षी नोबेल घ्यायला जावं लागलं नसतं.

पण खरा धोका वयाचा नाहीच, खरा धोका आहे चारचौघांत ढ दिसण्याचा. तीस-पस्तीस वर्षं ऑफिसात लोक तुम्हाला विचारून काम करत होते, घरात तुमचा शब्द शेवटचा होता, आणि आता एक विशी-पंचविशीची मुलगी सगळ्यांसमोर म्हणणार, "काका, परत करा, चुकलं." कशाला हा अपमान? त्यापेक्षा काहीच न करणारा माणूस चुकत नाही, त्याची अब्रू शाबूत.

या कामी घरच्यांची फार मदत होते. फोनवर काही अडलं की नुसतं "अरे हे बघ रे जरा" म्हणा. तुमचं बोट स्क्रीनच्या वर थरथरत, हिरवं दाबू की निळं, एवढ्यात "द्या इकडे" म्हणत फोन हातातून जातो, अंगठा टक टक टक, पाच सेकंदांत काम करून फोन परत. काय केलं ते दिसत नाही, विचारलं तर "तुम्हाला नाही कळणार." वाईट वाटून घेऊ नका, प्रेमच आहे ते, आणि या प्रेमात वर्षानुवर्षं काहीही न शिकता सहज निघून जातात. "तूच दाबू नकोस, मला दाबू दे" असं म्हणणारे काही हट्टी म्हातारे असतात म्हणे, घरात म्हातारचळ म्हणतात त्याला.

आणि एवढं करूनही खाज राहिलीच आणि तुम्ही एखाद्या क्लासला नाव घातलंत, तर निदान नीट जा. मागे बसा. कळलं नाही तरी मान हलवा. शंका विचारायची तर नाहीच, उलट शिकवणाऱ्याला मध्येच थांबवून आमच्या वेळी हे कसं होतं ते सविस्तर सांगा, रोज सांगा. आठवडाभरात बाकीची पोरंच हात जोडून म्हणतील, "काका, तुम्हाला तर सगळंच येतं, तुम्ही कशाला येता?"