लोअर आर्मचे नवे बुश टिकत नाहीत? बोल्ट कधी आवळला ते विचारा

लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, आणि सांगाड्याकडच्या सांध्यांत बसतात ते बुश. कोल्हापूरच्या गाडीवाल्यांत सध्या एक मेसेज मोबाईलवरून मोबाईलवर फिरतोय: लोअर आर्मचे बुश बदलू नका, नवे घातले तरी तीन-चार महिन्यांत जातात. आवाज आला तर बुशवर इंजिन ऑईल घाला, गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट करून घ्या, आणि बदलायचाच तर वाजतोय तेवढा एकच बदला. यातला एकही सल्ला पाळण्यासारखा नाही.

आधी तेलाचं बघू. बुश म्हणजे बेअरिंग नव्हे. बाहेर लोखंडी कवच, आत लोखंडी नळी आणि मध्ये दोघांना चिकटवलेलं रबर. आर्म वर-खाली होताना काही घासत फिरत नाही, रबर पिळतं आणि परत सुटतं. मग तेल द्यायचं कुठं? फाटलेल्या जागी ते मुरतं, आठवडाभर करकर थांबते. पण इंजिन ऑईलनं रबर फुगतं, मऊ पडतं आणि होता नव्हता तो जीवही जातो.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, उभ्या गाडीत होतं. ब्रेक दाबला की चाक मागं ढकललं जातं, आर्म फाटक्या बुशात सरकतो आणि मशीननं दाखवलेले आकडे तिथंच बिघडतात. करूळ घाट उतरताना प्रत्येक वळणावर ब्रेक लागतो. तिथं असं ढिलं चाक घेऊन जाणं मला धोक्याचंच वाटतं. आधी बुश, मग अलाइनमेंट.

आता तीन-चार महिन्यांचं. हा अनुभव खोटा नाही, मलाही आलाय. एका गॅरेजात दोन्ही बाजूंचे बुश बदलले आणि चार महिन्यांत स्पीडब्रेकरवर पुन्हा खडखड. मी पार्टलाच दोष देत होतो. उद्यमनगरात एका मिस्त्रींनी आर्म काढून माझ्यासमोर धरला. रबर आतल्या नळीभोवती गोल फाटलं होतं. "पार्टला नाव ठेवू नकासा," ते म्हणाले, "चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळलाय."

गाडी जॅकवर असताना आर्म खाली झुकलेला असतो. तेव्हा बोल्ट करकचून आवळला की आतली नळी त्याच कोनात जखडते. गाडी खाली उतरवली की उभ्या गाडीतही रबर पिळलेलंच राहतं, वर प्रत्येक खड्डा त्याला आणखी पिळतो. मिस्त्रींनी नवे बुश प्रेसवर कवचाला दाब देऊन बसवले, रबरातल्या खाचांची दिशा जुन्यासारखीच ठेवली, बोल्ट नुसते अडकवले. गाडी चारही चाकांवर उतरवून, दोन-चारदा दाबून मग टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यानं, कंपनीच्या आकड्याला आवळले.

एकच बाजू बदलू नका. दुसरीकडचं रबर त्याच वयाचं असतं. मात्र आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा बॉल जॉइंट, म्हणजे गोळीचा सांधाही ढिला असेल आणि तो आर्मलाच जोडलेला असेल, तर सरळ पूर्ण आर्म घ्यावा.

आणि प्रत्येक खडखड बुशचीच असते असंही नाही, लिंक रॉड नावाची सस्पेन्शनमधली बारीक दांडीही वाजते. वरवरच्या बारीक चिरा दिसल्या म्हणून घाबरू नका. टॉमी, म्हणजे लोखंडी पहार घालून आर्म हलवून बघा: नळी रबरापासून सुटलेली दिसली, तर बुश गेलाच.

माझ्या दुसऱ्या जोडीला तीन वर्षं होत आली. परवा टॉमी घालून पाहिलं, नळी जागची हलली नाही.