बंदिश म्हणजे 'दोनच ओळी'? काकांच्या कमेंटला उत्तर

काका, एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत, आधी त्याबद्दल थँक्यू. तुमचं म्हणणं असं की डॉ. प्रभा अत्रे गायिका म्हणून थोरच, पण मी आधीच्या पोस्टमधे त्यांना 'रचनाकार' म्हटलं ते अती झालं, बंदिश (रागात आणि तालात बांधलेली, शब्द असलेली रचना) म्हणजे दोनच ओळी, बाकीचं सगळं रागात असतंच. मला हे अजिबात पटलं नाही.

कलावती रागच घ्या ना. सा ग प ध आणि कोमल नी, बस. रे आणि म वर्ज्य, म्हणजे घ्यायचेच नाहीत. आमच्या क्लासमधे हा राग सुरू झाला की सुरुवातीला मुली नुसती आरोह-अवरोहाची घोकंपट्टी करतात, सूर सगळे बरोबर पण राग काही उभा राहत नाही, आणि मग 'तन मन धन' शिकायला घेतली की मुखडा (बंदिशीची सुरुवातीची, पुन्हा पुन्हा येणारी ओळ) म्हणता म्हणताच समजायला लागतं कुठे रेंगाळायचं, सम (तालाची पहिली मात्रा) कशी गाठायची, आणि पुढचे आलाप आपोआप सुचायला लागतात. ती बंदिश प्रभाताईंची आहे काका, शब्दसुद्धा त्यांचेच. मारूबिहाग रागातली 'जागूं मैं सारी रैना' पण त्यांचीच. राग सगळ्यांनाच मिळतो हो, पण त्यातून असा मुखडा किती जणांना सुचतो? शिवाय अपूर्व कल्याण, मधुरकंस हे राग त्यांनी स्वतः बांधले, तिथे तर 'रागात असतंच' म्हणायलाही जागा नाही.

दुसरा मुद्दा, बायका आधीही बंदिशी करत असतील मग प्रभाताई पायोनियर कशा. करत असतीलच! पण नावं कुणाची राहिली? जुने ख्याल-रचनाकार सदारंग राहिले. आपल्या बडोद्याच्या दरबारातले फैयाजखाँसाहेब 'प्रेमपिया' या टोपणनावानं आपल्या बंदिशीतच राहिले. प्रभाताईंनी आपल्या बंदिशी नोटेशनसकट पुस्तकांत छापल्या, 'स्वरांगिणी', 'स्वररंजनी', म्हणजे उद्या कुणी त्या 'पारंपरिक' म्हणून खपवायच्या म्हटल्या तरी जमणार नाही. सायन्स आणि लॉ शिकलेली ही बाई, डॉक्टरेट केली ती सरगमवर, म्हणजे सा रे ग म अशी सुरांची नावं घेऊन गाण्यावर, आणि सरगम ही आलाप-तानांसारखीच गाण्यातली खरी सामग्री आहे हे लिहून मांडलं, गाऊन दाखवलं.

आणि त्यांचे गुरू सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर, म्हणजे बडोद्याच्या ताराबाई माने आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची मुलं. निदान आपण बडोदेकरांनी तरी हे काम 'दोन ओळी' म्हणून उडवून लावू नये असं मला मनापासून वाटतं. 'रचनाकार' हा शब्द मी बदलणार नाहीये.