संशयकल्लोळ म्हणजे नुसती नावं बदललेला मोलिएर? अजिबात नाही

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, दोन दिवसांत तोच अजून तीन ठिकाणी दिसला. म्हणणं थोडक्यात असं की ‘संगीत संशयकल्लोळ’ हे मोलिएरच्या फ्रेंच नाटकाचं सरळ भाषांतर आहे, गोविंद बल्लाळ देवलांनी फक्त नावं मराठी केली, 1916 साली बालगंधर्वांच्या कंपनीसाठी ते लिहून दिलं, आणि गाणी काढून टाकली तर नाटकात काही उरत नाही. माझ्या आत्याने त्याखाली लिहिलं, "म्हणजे हेही उचललेलंच का?" ते वाचून खरंच वाईट वाटलं. तिला या नाटकाची पदं तोंडपाठ आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी ते "सरळ मोलिएरवरून". मोलिएरचं ‘स्गानारेल’ 1660 चं, एका अंकाचं आणि पद्यात लिहिलेलं. त्यावरून इंग्रजीत आर्थर मर्फी नावाच्या लेखकाने ‘ऑल इन द राँग’ लिहिलं, ते 1761 साली लंडनला ड्रूरी लेन थिएटरमध्ये आलं, आणि ते पाच अंकी होतं, म्हणजे मर्फीनेच मूळ छोट्या प्रहसनाचा केवढा तरी विस्तार केला होता. देवलांच्या हातात आलं ते हे इंग्रजी नाटक. यात नवल काहीच नाही, त्यांचं ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ऑथेल्लोवरून आहे आणि ‘दुर्गा’पण इंग्रजी नाटकावरूनच. त्यामुळे मोलिएर या घराण्यातला आजोबा आहे असं म्हणा, चालेल, पण मधली पिढी गाळून त्याला बाप करू नका.

मोलिएर आणि देवल शेजारी ठेवून बघायचे असतील तर एकच गोष्ट बघा, स्गानारेलच्या बायकोला मोलिएरने नावसुद्धा दिलेलं नाही, पात्रांच्या यादीत ती नुसती "स्गानारेलची बायको" आहे. मर्फीकडे ती लेडी रेस्टलेस झाली, नवऱ्याइतकीच संशयी. आणि आपल्याकडे ती कृत्तिका. नवऱ्यासमोर, म्हणजे फाल्गुनरावासमोर, ती उभी राहिली की कोण कोणाला भारी पडतंय हे कळत नाही, निम्मं नाटक तिच्या जिवावर चालतं.

आता "फक्त नावं बदलली". एक तर नावांचंच घ्या ना. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या, पुरुष सगळे महिन्यांवरून. कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा, बायका सगळ्या नक्षत्रांवरून. पंचांग घरात असलेल्या माणसालाच हे सुचणार आणि पंचांग घरात असलेल्या प्रेक्षकालाच त्याची गंमत कळणार.

पण माझ्या मते खरा बदल नायिकेचा, रेवतीचा आहे, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही. मोलिएर आणि मर्फीकडची नायिका चांगल्या घरातली मुलगी, तिची अडचण काय तर बाप दुसरीकडे लग्न लावतोय. देवलांनी रेवतीला मघा नायकिणीची मुलगी केलं आणि अश्विनशेठला तिच्याशी रीतसर लग्न करायचंय. यामुळे संशयाचं वजनच बदलतं हो. फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो तेव्हा आपण हसतो, कारण त्याचा स्वभावच तो. अश्विनशेठ मात्र भला माणूस, रेवतीवर जीव असलेला, आणि तोही एका गैरसमजाने "ही बहु चपल वारांगना" असं गायला लागतो. नायकिणीच्या मुलीबद्दल असं काही पटायला वेळ लागत नाही, प्रेमात असलेल्यालासुद्धा. मी हे नाटक पहिल्यांदा शाळेत असताना आईबरोबर बघितलं तेव्हा त्या पदाला नुसती चाल ऐकली होती, मोठेपणी परत बघितलं तेव्हा तो ‘वारांगना’, म्हणजे वेश्या, हा शब्द टोचला. म्हाताऱ्याशी लहान मुलीचं लग्न लावण्याविरुद्ध ‘शारदा’ लिहिणाऱ्या माणसाने हे सहज केलं असेल असं मला नाही वाटत. हे कुठल्या भाषांतरातून आलं ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सांगावं.

तिसरा मुद्दा 1916 चा, तो तर साफ चुकीचा. हे नाटक 1893 चं आहे, तेव्हा त्याचं नाव होतं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’, आणि ते गद्य होतं. बालगंधर्व तेव्हा पाच वर्षांचे होते आणि गंधर्व नाटक मंडळी निघायला वीस वर्षं बाकी होती, ती 1913 ची. 1916 मध्ये त्याच नाटकात पदं घालून ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं, रेवती बालगंधर्व आणि फाल्गुनराव गणपतराव बोडस. देवल त्याच वर्षी जूनमध्ये गेले, आणि गंधर्व कंपनीचा पहिला प्रयोग त्यानंतर झाला. त्यांना तो बघायला मिळाला नाही याची मला नेहमी हळहळ वाटते.

आणि एकदा 1893 मान्य केलं की चौथा मुद्दा आपोआप निकालात निघतो. गाण्यांशिवाय काही उरत नाही म्हणे, अहो हे नाटक जन्मलंच गाण्यांशिवाय! "कर हा करी धरिला शुभांगी" किंवा "मृगनयना रसिक मोहिनी" ऐकायला मीही जीव टाकतो, पण नाटकाचा कणा तो तसबिरीचा प्रसंग आहे. रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, वरून कृत्तिका ते बघते आणि नवरा परक्या बाईला धरून उभा आहे एवढंच तिला दिसतं. ती खाली येईपर्यंत दोघं नाहीत, पडलेली आहे फक्त रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर. ती उचलून कृत्तिका निरखत असते आणि मागून येतो फाल्गुनराव, आता बायकोच्या हातात परपुरुषाची तसबीर. दोघांनीही जे बघितलं ते खरंच घडलंय, आणि दोघांचाही अर्थ चूक. या प्रसंगाचा सांगाडा मोलिएरचा आहे, ते मी लपवत नाही, लपवायचं कारणच नाही. पण यात एकही पद लागत नाही. अलीकडे प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी ते परत आणलं तेव्हाही थिएटर हसलं ते याच जागी, आणि माझ्या शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलांना संगीत नाटक म्हणजे काय हेसुद्धा धड माहीत नव्हतं.

आत्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तिने लगेच विचारलं, मग ते जुनं नाव का बदललं गं बाई, ‘तसबिरीचा घोटाळा’ किती छान आहे! मलाही तेच नाव जास्त आवडतं.