अठरा लाख शब्दांचं एक मिनिट

मार्केटिंगवाल्यांच्या ग्रुपांवर एक पोस्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. इंटरनेटवरची ८२ टक्के वाहतूक व्हिडिओची. व्हिडिओतलं ९५ टक्के लक्षात राहतं, वाचलेलं जेमतेम १० टक्के. एका मिनिटाचा व्हिडिओ म्हणजे १८ लाख शब्द. तेव्हा लिहिणं सोडा आणि सगळं बजेट व्हिडिओत घाला! मोबाइलवर व्हिडिओ पाहणं अफाट वाढलंय आणि त्यात धंद्याला संधी आहे, याबद्दल माझा वाद नाही. वाद या आकड्यांशी आहे.

१८ लाखांचा निकाल लगेच लागतो. एक चित्र हजार शब्दांचं, सेकंदाला ३० चित्रं, मिनिटाला ६० सेकंद, करा गुणाकार. म्हणजे कोऱ्या भिंतीचं मिनिटभर चित्रीकरण केलं तरी १८ लाख शब्द पदरात पडतात.

८२ टक्के हा आकडा सिस्को या नेटवर्कची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपनीच्या अंदाजातला. २०२२ पर्यंत इंटरनेटवरच्या वाहतुकीत व्हिडिओचा वाटा एवढा होईल, असं कंपनीने २०१८ मध्ये म्हटलं होतं. पण त्यात मोजले होते बाइट, लोकांचं लक्ष नव्हे. हा लेख साठवायला दहाएक किलोबाइट पुरतील; मिनिटभराच्या व्हिडिओला काही मेगाबाइट लागतात. गोदामात कापसाने जास्त जागा अडवली म्हणून तो सोन्याहून महाग ठरत नाही. शिवाय घरच्या टीव्हीवर इंटरनेटवरून पाहिलेले सिनेमे आणि मालिकाही त्याच वाट्यात येतात.

९५ विरुद्ध १० चा माग काढत गेलं तर एक लेख दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे. प्रयोग काही हाती लागत नाही. ‘वाचलेलं १० टक्के’ हा तुकडा तर शिक्षकांच्या प्रशिक्षणात फार आधीपासून आहे. तिथे तो अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या १९४६ च्या ‘अनुभवाच्या शंकू’ला, म्हणजे प्रत्यक्ष अनुभवापासून नुसत्या शब्दांपर्यंतच्या पायऱ्या दाखवणाऱ्या आकृतीला, चिकटवला जातो. डेल यांच्या मूळ आकृतीत टक्केवारीच नव्हती, ती नंतर कुणीतरी घुसडली.

आता खरा पैशाचा मुद्दा. ‘व्ह्यू वाढले म्हणजे बघणारे वाढले’ हे या पोस्टमध्ये गृहीतच धरलंय. पण व्ह्यू म्हणजे काय, हे ज्याचा प्लॅटफॉर्म तो ठरवतो. फेसबुकने ३ सेकंदांचा व्ह्यू धरला, तोही आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओचा. यूट्यूबवर स्किप करता येणाऱ्या जाहिरातीला ३० सेकंदांची अट (जाहिरात त्याहून छोटी असेल तर ती पूर्ण बघण्याची), किंवा मग तिच्यावर क्लिक तरी झालं पाहिजे. त्याच यूट्यूबच्या शॉर्ट्सवर ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ नुसता सुरू झाला की व्ह्यू. अहवालात या तिन्हींची बेरीज करून खाली ठळक अक्षरांत एकूण व्ह्यू लिहिणारे लोक मी पाहिलेत. किलो आणि लिटर मिळवण्यातलाच प्रकार.

सरासरीची गंमत तर याहून मोठी. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकला मान्य करावं लागलं, की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो हा त्यांचा आकडा दोन वर्षं फुगलेला होता. पाहण्याचा एकूण वेळ भागताना ३ सेकंदांच्या आत सटकलेल्यांना भाजकातून वगळलं होतं. जे थांबले त्यांचीच सरासरी काढली तर ती वाढणारच. फुगवटा ६० ते ८० टक्क्यांचा असू शकतो, असं एका जाहिरात कंपनीला कळवण्यात आलं. जाहिरातदार कोर्टात गेले. दाव्यात तथ्य नाही असं म्हणतच फेसबुकने २०१९ मध्ये ४ कोटी डॉलरची तडजोड केली. मधल्या काळात कित्येक माध्यमसंस्थांनी लिहिणाऱ्यांना काढून व्हिडिओची पथकं उभी केली होती. एकट्या त्या आकड्यामुळे हे घडलं असं मी म्हणणार नाही, पण वारं तेच होतं.

‘लिहिणं सोडा’ या सल्ल्याबद्दल इतकंच. यंत्र कसं जोडायचं, गाठ कशी मारायची, कापड अंगावर कसं पडतं, हे व्हिडिओत दाखवावं. तिथे मजकूर लंगडा पडतो. मापं, किंमत आणि परतीच्या अटी मात्र लिहूनच द्याव्यात. दाराच्या रुंदीत कपाट बसेल का एवढंच ज्याला बघायचंय, तो तुमचा दीड मिनिटाचा सुंदर व्हिडिओ अंगठ्याने मागे-पुढे सरकवत बसतो, आणि तुमच्या अहवालात त्याची नोंद ‘पुन्हा पुन्हा पाहणारा प्रेक्षक’ अशी होते.