'आधी नको म्हणाले, मग लावा म्हणाले' : मास्कवरच्या त्या मेसेजला उत्तर

सर्दी-तापाची साथ आली आणि कुणी मास्कचं नाव काढलं की तो मेसेज हटकून फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे असतात, पण मजकूर साधारण असा:

"मार्च २०२० : मास्कची गरज नाही. एप्रिल : लावा, नाहीतर दंड. जुलै : व्हॉल्व्हवाला नको, दुसरा लावा. २०२१ : लस घेतली, आता काढा. दोन महिन्यांनी : परत लावा. म्हणजे मास्कने काही होत नाही हे यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. विषाणू इतका बारीक की मास्कमधून आरपार जातो, चाळणीने कधी पाणी अडतं का? कॉक्रेनने तर सिद्धच केलं. अडतो तो आपला ऑक्सिजन. सगळा धंदा होता."

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकलचं दुकान आहे. हे सगळे सल्ले मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले, लोकांना सांगितले, आणि बदललेही. त्यामुळे या मेसेजला सविस्तर उत्तर देणं मला माझं काम वाटतं. यातल्या तारखा बऱ्याचशा खऱ्या आहेत आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. पण तारखांवरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

सुरुवात मार्चपासून करू. 'गरज नाही' असं खरोखरच सांगितलं गेलं होतं. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख सरकारी डॉक्टर, जेरोम ॲडम्स यांनी २९ फेब्रुवारी २०२० ला ट्विट केलं : मास्क विकत घेणं थांबवा, सामान्य लोकांना त्यांचा उपयोग नाही, पण आरोग्य कर्मचाऱ्यांना ते मिळाले नाहीत तर ते आणि आपण सगळेच धोक्यात येऊ. ८ मार्चला अमेरिकेच्या सरकारी साथरोग संस्थेचे तेव्हाचे प्रमुख डॉ. अँथनी फाउची एका मुलाखतीत म्हणाले, मास्क लावून फिरायचं काही कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेचाही सूर तोच होता : निरोगी माणसाला मास्क नको, आजारी माणसाला आणि त्याची सेवा करणाऱ्याला हवा.

ॲडम्स यांचं ट्विट नीट वाचलं तर त्यातच गाठ दिसते. नर्सला उपयोग होतो तर मला का नाही? माझ्या काउंटरवर उभ्या राहिलेल्या कितीतरी लोकांनी हाच प्रश्न विचारला आणि तो रास्त होता. 'साठा कमी आहे, तो दवाखान्यांसाठी राहू द्या, तुम्ही घरी कापडाचा शिवून वापरा' एवढं सरळ सांगायला हवं होतं. त्याऐवजी 'उपयोग नाही' असं सांगितलं गेलं. ही चूक होती आणि तिची किंमत पुढे सगळ्यांनी मोजली. मी तिची पाठराखण करणार नाही.

पण टंचाई काय होती ते सांगतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात होलसेलवाले फोन उचलेनात. एरवी धूळ खात पडणारा थ्री-प्लाय, म्हणजे तीन पदरी, मास्कचा डबा शोधून मिळेना. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एक सिस्टर संध्याकाळी ड्यूटी संपवून आल्या. पर्समधून कागदाची पिशवी काढली, त्यात घडी घातलेला एक सर्जिकल मास्क होता. कानाची दोरी तुटलेली, तिला गाठ मारलेली. "भाऊ, तीन दिवस हाच वापरतेय. दोन तरी असतील तर बघा ना." एकदा वापरून टाकायची ती वस्तू. माझ्याकडे एक डबा उरला होता. तो मी त्यांच्यासाठी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांसाठी बाजूला ठेवला, आणि त्यानंतर जो गिऱ्हाईक आला त्याला म्हणालो, तुम्हाला गरज नाही.

मी खोटं बोललो का? नाही. खोकत नसलेल्या, ताप नसलेल्या माणसाने मास्क लावून काय साधणार, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. आम्ही तसंच शिकलो होतो.

'यांना पहिल्यापासून ठाऊक होतं' या आरोपाचा निवाडा करायला एक चांगली कसोटी आहे. माणूस चारचौघांत एक आणि खाजगीत दुसरं बोलत असेल तर तो खोटारडा. फाउची यांचे ई-मेल २०२१ साली माहितीच्या कायद्याखाली बाहेर आले. ५ फेब्रुवारी २०२० ला प्रवासाला निघालेल्या एका ओळखीच्या बाईंना त्यांनी लिहिलेलं उत्तर त्यात आहे : मास्क मुळात आजारी माणसाने इतरांना लागण होऊ नये म्हणून लावायचे, दुकानात मिळणारा साधा मास्क विषाणू अडवायला फारसा उपयोगी नाही, तुम्ही लावावा असं मी सुचवत नाही. खाजगी पत्रात आपल्या माणसाला तोच सल्ला, जो महिन्याने जगाला दिला. साठ्याची काळजी होती हे त्यांनी पुढे कबूलही केलं. पण सल्ला चुकीचा निघाला म्हणून तो देताना मनात दुसरंच होतं, असं या ई-मेलवरून तरी म्हणता येत नाही.

मग एप्रिलपर्यंत बदललं काय? मेसेज नेमकं हेच गाळतो.

२००३ च्या सार्समध्ये, म्हणजे याच घराण्यातल्या विषाणूच्या आधीच्या साथीत, रोगी ताप चढल्यावर, बऱ्याचदा दुसऱ्या आठवड्यात, सर्वांत जास्त संसर्ग पसरवायचा. त्यामुळे ताप तपासा, आजारी माणूस बाजूला काढा, साथ आटोक्यात येते. नव्या विषाणूबद्दलही तोच अंदाज बांधला गेला. विमानतळावर कपाळाला लावायची ती तापमापीची बंदूक याच अंदाजावर चालली होती. मार्चमध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका वृद्धाश्रमात ७६ जणांची तपासणी झाली. २३ जण बाधित निघाले आणि त्यातल्या १३ जणांना तपासणीच्या दिवशी एकही लक्षण नव्हतं. त्या १३ पैकी १० जणांना पुढच्या काही दिवसांत लक्षणं आली. म्हणजे ठणठणीत दिसणाऱ्या माणसाच्या घशातही विषाणू होता. हा अहवाल २७ मार्चला प्रसिद्ध झाला आणि ३ एप्रिलला सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, सगळ्यांना कापडी मास्क वापरायला सांगितलं. मध्ये एक आठवडा.

'आजारी माणसाने मास्क लावावा' हा मूळ नियम एप्रिलमध्येही तसाच होता. आजारी कोण, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही एवढंच नव्याने कळलं. ते ओळखता येत नसेल तर सगळ्यांनीच लावायचा, हा त्याच नियमाचा पुढचा हिशोब.

आपल्याकडे तर क्रम याहून समजूतदार होता. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मार्चअखेरीस घरी मास्क कसा शिवायचा याची पुस्तिका काढली. सुती कापड, घडी, नाडी, धुण्याची पद्धत, सगळं त्यात होतं. आरोग्य मंत्रालयाने पाठोपाठ घरगुती मास्क वापरायला सांगितलं आणि ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने मास्क सक्तीचा केला. दवाखान्याचा मास्क दवाखान्याला, घरचा मास्क घरच्यांना. मीही त्या आठवड्यात माझं म्हणणं बदललं. डब्यातले मास्क सिस्टरांना, आणि इतरांना दुपदरी सुती कापड घ्या म्हणून सांगायला लागलो.

तज्ज्ञांची खरी मोठी चूक मेसेजमध्ये नाहीच. ती मी सांगतो. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने ठणकावून सांगितलं की कोविड हवेतून पसरत नाही. त्याआधी १० मार्चला वॉशिंग्टन राज्यातल्याच एका समूहगायनाच्या मंडळाची अडीच तासांची तालीम झाली होती. ६१ जण आले, त्यातला एक आजारी, आणि त्याच्यामुळे आणखी ५२ जण आजारी पडले. दोघं गेले. एवढी माणसं शिंतोड्यांनी आजारी पडत नाहीत, गाताना निघालेले बारीक कण बंद खोलीच्या हवेत तरंगत राहिले तरच असं होतं. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हेच सांगितलं. तरी संघटनेला हे मोकळेपणाने मान्य करायला फार वेळ लागला. सर्वांसाठी मास्कचा सल्लाही तिने ५ जून २०२० ला दिला, सीडीसीच्या दोन महिने मागून. मला याचा आजही राग येतो, कारण त्या काळात लोक टेबलं पुसत बसले आणि खिडक्या बंद ठेवल्या. पण ही चूक कोणत्या बाजूची आहे ते पाहा. मेसेज म्हणतो मास्कचं स्तोम माजवलं. प्रत्यक्षात हवेतला धोका आणि मास्कची गरज, दोन्ही कमी लेखली गेली.

व्हॉल्व्हवाल्या मास्कचं उत्तर छोटं आहे. तो झडपेचा मास्क आत येणारी हवा गाळतो, पण श्वास सोडताना झडप उघडते आणि बाहेर जाणारी हवा न गाळताच जाते. धुळीत काम करणाऱ्याला तो सोयीचा. पण आपल्यापासून दुसऱ्याला लागण होऊ नये हा हेतू असेल तर निरुपयोगी. म्हणून जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना तसं पत्र लिहिलं. मी तोवर तसे मास्क विकले होते. ज्यांना विकले त्यांतल्या ओळखीच्यांना फोन करून सांगितलं.

२०२१ च्या ओळींमध्ये तर देशच बदलला आहे. 'लस घेतली, काढा' हे १३ मे २०२१ ला अमेरिकेत म्हटलं गेलं. तेव्हा आपल्याकडे दुसरी लाट चालू होती आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी लोक रात्र-रात्र फिरत होते. एप्रिल २०२० चा दंड मुंबईचा, मे २०२१ ची सूट अमेरिकेची, आणि मेसेजात दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून निघाल्यासारखी! महाराष्ट्रात मास्कची सक्ती उठली ती २०२२ च्या गुढीपाडव्याला. अमेरिकेतली सूट २७ जुलैला अंशतः मागे घेतली गेली, कारण मधल्या काळात विषाणूचा डेल्टा हा नवा प्रकार आला. मॅसॅच्युसेट्समधल्या एका किनाऱ्यावरच्या गावात जुलैच्या गर्दीनंतर सापडलेल्या ४६९ बाधितांपैकी ३४६ जणांचं लसीकरण पूर्ण झालेलं होतं. लस गंभीर आजार टाळत होती, पण लागण आणि प्रसार पूर्वीइतका अडवत नव्हती. विषाणू बदलला, म्हणून सल्ला बदलला.

आता चाळणी. विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो हे खरं. पण तो उघडा उडत येत नाही, थुंकी-श्वासाच्या कणात बसून येतो आणि ते कण त्याच्याहून मोठे असतात. दुसरं, मास्क चाळणीसारखं काम करतच नाही. एक सर्जिकल मास्क घ्या, कात्रीने कडा कापा, तीन पदर सुटे होतील. मधला पांढरा, पिंजलेल्या कापसासारखा पदर म्हणजे मेल्टब्लोन. त्यात धाग्यांचं अस्ताव्यस्त जंगल असतं आणि त्यावर विद्युतभार दिलेला असतो. चांगल्या मास्कचा तो पदर कागदाच्या बारीक कपट्यांजवळ नेला तर कपटे चिकटतात. मी दुकानात मुलांना हे करून दाखवतो. मोठे कण धाग्यांवर आदळतात, अगदी बारीक कण हवेत सैरावैरा हलत असल्यामुळे धाग्यांना जाऊन चिकटतात. निसटायला सोपा असतो तो मधला, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा, आणि एन-९५ ची परीक्षा मुद्दाम त्याच आकाराच्या कणांवर घेतात. ९५ टक्के अडले तरच ते नाव. हा मास्क साबणाने धुतला की विद्युतभार जातो, म्हणून धुऊ नका असं आम्ही सांगतो.

आयआयटी मुंबईच्या दोन प्राध्यापकांनी खोकल्यातून निघणाऱ्या ढगाचा हिशोब मांडला होता. मास्क नसेल तर तो ढग सर्जिकल मास्कच्या तुलनेत सुमारे ७ पट आणि एन-९५ च्या तुलनेत सुमारे २३ पट मोठा. कापडी मास्क यांच्या पंक्तीला बसत नाही, हेही खरं. चष्म्यावर वाफ धरत असेल तर हवा बाजूने निसटतेय, आणि त्या फटीतून विषाणूही निसटतो.

कॉक्रेन ही वैद्यकीय प्रयोग एकत्र करून त्यांचे आढावे काढणारी संस्था. तिचा मुद्दा मेसेजमधला सर्वांत वजनदार आहे. जानेवारी २०२३ च्या त्या आढाव्यात ७८ प्रयोग होते, त्यातले बरेच कोविडच्या आधीचे, फ्लूचे. 'मास्क लावल्याने बहुधा फारसा फरक पडत नाही' असं वाक्य त्यात होतं. पण त्या प्रयोगांत तपासलं गेलं ते असं : लोकांना मास्क वापरायला सांगितलं, तर साथ कमी होते का? सांगितलेल्यांनी तो किती लावला, हे वेगळं. डेन्मार्कच्या प्रसिद्ध प्रयोगात मास्कच्या गटातल्या निम्म्याहून कमी लोकांनी तो सांगितल्याप्रमाणे लावला. कॉक्रेनच्या तेव्हाच्या मुख्य संपादक कार्ला सोआरेस-वायसर यांनी १० मार्च २०२३ ला स्वतः निवेदन काढलं की 'मास्क उपयोगी नाहीत' हा अर्थ चुकीचा आणि दिशाभूल करणारा आहे, आढाव्याचा निष्कर्ष अनिर्णित आहे. अनिर्णित म्हणजे सिद्ध नव्हे.

शेजारच्या बांगलादेशातल्या ६०० गावांचा प्रयोग आपल्याला जास्त जवळचा. निम्म्या गावांत फुकट मास्क वाटले, मशिदीत-बाजारात आठवण केली. मास्कचं प्रमाण १३ वरून ४२ टक्क्यांवर गेलं. सर्जिकल मास्कच्या गावांत लक्षणांसह झालेली लागण सुमारे ११ टक्क्यांनी घटली, साठीपुढच्यांत सुमारे ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा फायदा स्पष्ट दिसला नाही. ११ टक्के हा चमत्कार नाही, पण निम्म्याहून जास्त लोकांनी लावलाच नसताना आलेला तो आकडा आहे.

ऑक्सिजनचा रेणू मास्कच्या धाग्यांमधून सहज जातो. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तासन्‌तास मास्क लावून उभे असतात. गुदमरल्यासारखं वाटतं ते खरं असतं, पण ते उष्म्याने आणि दमटपणाने. पाच वर्षांखालच्या मुलांना मास्क नको असं आपल्या आरोग्य खात्याने जून २०२१ मध्ये सांगितलं होतं, तेही मेसेजवाले कधी लिहीत नाहीत.

राहिला धंदा. काळाबाजार झाला, मी नाकारत नाही. मार्च २०२० मध्ये सरकारला मास्क अत्यावश्यक वस्तूंत घालावे लागले आणि थ्री-प्लायची किंमत १० रुपयांवर बांधावी लागली ती त्यामुळेच. पण सल्ला देणाऱ्यांना मास्क खपवायचे असते तर लोक रांगा लावत होते त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'घेऊ नका' असं त्यांनी सांगितलं नसतं.

आणि माझ्या दुकानातला तो शेवटचा डबा मी आणल्या भावाने दिला. सिस्टरांनी पर्समधून सुट्या नोटा मोजून काउंटरवर ठेवल्या आणि पावती मागितली. मी विचारलं, दवाखान्याच्या नावाने करू का? "नको," म्हणाल्या, "माझ्याच नावाने करा. पैसे माझे आहेत."