पोहता येतं म्हणून शिकवता येत नाही

उन्हाळी बॅचेस सुरू झाल्या की एक मेसेज हमखास फिरतो. यंदा मला तो तिघांकडून आला. 'आपले आजोबा विहिरीत ढकलले गेले आणि पोहायला शिकले. तेव्हा कुठे होते सर्टिफिकेटवाले कोच? ज्याला पोहता येतं तो शिकवू शकतो. तलावावर लाइफगार्ड असतोच. कागदपत्रं मागणं ही श्रीमंत सोसायट्यांची नाटकं.' गोरेगावातल्या आमच्या सोसायटीच्या तलावावर माझी आठ वर्षांची मुलगी शिकते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

विहिरीपासून सुरुवात करू. माझे वडील वाईजवळच्या गावी विहिरीतच शिकले. त्यांना नीट विचारलं. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा, कमरेला दोर, दोराचं टोक काठावरच्या थोरल्या चुलत्यांच्या हातात आणि धाकटे काका आधीच पाण्यात उतरलेले. दोन पोरांमागे दोन जाणती माणसं. ढकलल्याची गोष्ट सगळे सांगतात, दोर धरणारा चुलता मात्र गोष्टीतून गळून जातो. आमच्या तलावावर एका कोचकडे पंधरा-सोळा मुलं असतात.

'ज्याला पोहता येतं तो शिकवू शकतो.' यावर जरा जास्त लिहिते, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गेल्या मे महिन्यात आमच्याकडचा कोच वीस-बावीस वर्षांचा होता. पदकं मिळवलेला, मुलांचा लाडका. बॅच संपताना तो खेळ घ्यायचा: पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतं. आधी 'छाती भरून घ्या' म्हणत मुलांना भराभर दहा-बारा खोल श्वास घ्यायला लावायचा. माझी मुलगी बहुतेकदा जिंकायची. एकदा ती वर आली तेव्हा ओठ निळसर पडले होते, आणि शिडीची दांडी समोर असून तिच्या हाताला दोनदा सापडली नाही.

आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. भराभर श्वास घेतल्याने शरीरातला प्राणवायू फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. मग 'आता वर ये' हा इशारा उशिरा मिळतो. तोवर प्राणवायू इतका कमी झालेला असू शकतो की पाण्याखालीच शुद्ध हरपते, कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा. उत्तम पोहणारेही यात गेलेले आहेत. त्या मुलाला हे ठाऊक नव्हतं, कारण शर्यतीच्या सरावात त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला कसं शिकवायचं, उताणं तरंगताना मान कुठे धरायची, कुडकुडणारं मूल कधी बाहेर काढायचं, हे सगळं वेगळं शिकावं लागतं. स्विम इंग्लंड ही इंग्लंडमधली पोहण्याची राष्ट्रीय संघटना. तिच्या प्रशिक्षणाच्या रचनेत पहिल्या पातळीचा माणूस फक्त मदतनीस असतो. स्वतंत्र वर्ग घ्यायला दुसरी पातळी पूर्ण करावी लागते.

लाइफगार्ड असतो, मान्य. पण बुडणारं मूल सहसा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना श्वासच पुरत नाही, तर हाक कुठून मारणार? हात हलवून बोलावतही नाही, दोन्ही हातांनी पाणी दाबत राहतं. लांबून बघणाऱ्याला ते खेळतंय असंच वाटतं, आणि मिनिटभराच्या आत ते खाली जाऊ शकतं. अशा वेळी सगळ्यांत जवळ असतो तो शिकवणारा. त्याला हे ओळखता आलं पाहिजे आणि सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवणं, आलं पाहिजे. बुडालेल्या मुलाला आधी तोंडाने श्वास द्यावे लागतात, नुसती छाती दाबून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्यांतली जवळपास पाव हिस्सा पाच वर्षांच्या आतली मुलं होती.

राहिली कागदपत्रं. कुठलाही एक कागद पुरत नाही, हे मात्र खरं. पतियाळ्याच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची, म्हणजे एनआयएसची पदविका मोठीच, पण तिचा रोख स्पर्धक घडवण्यावर. जीवरक्षणाचं प्रमाणपत्र वेगळं असतं. दोन्ही विचारा, आणि सीपीआरची उजळणी शेवटची कधी झाली तेही विचारा. पोलीस पडताळणीला तर नाटक म्हणूच नका. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखालच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांना ती करावीच लागते. त्यात क्रीडा अकादमींचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि माणूस कंत्राटी असला तरी सूट नाही. शिवाजी पार्कच्या महापालिकेच्या तलावावर चाळीतली मुलंही येतात. हे सगळं विचारायचा त्यांच्या आईबापांना आपल्याइतकाच हक्क आहे.

त्या कोचशी मी बोलले. खेळ दुसऱ्या दिवसापासून बंद झाला. मग त्यानेच विचारलं, 'ताई, जीवरक्षकाचा कोर्स कुठे होतो? फी किती असते?' त्याच्या पगारात ती बसणारी नव्हती. ती सोसायटीने भरावी, असा ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे. अनुमोदनाला दोन सह्या हव्यात.