एकाच उंबऱ्याच्या दोन नोंदी

बेळगावात खानापूर रस्त्याला माझे जुन्या वाड्यांच्या सामानाचे गोदाम आहे. पाडलेल्या घरांच्या चौकटी, सागवानी खांब, तुळया, खांबाखालचे दगडी तळखडे, मंगळुरी कौले, कडीकोयंडे हे सारे मी विकत घेतो आणि विकतो. या धंद्यातल्या धुळीचा आणि ओझ्याचा मला कधी त्रास वाटला नाही. पण साठ्याच्या नोंदींनी मला पार जेरीस आणले आहे, कारण जी वस्तू एकच आहे तिचा हिशेब सिमेंटच्या पोत्यांसारखा ठेवा, असे सांगणाऱ्या माणसांशी मला रोज झगडावे लागते.

निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या घराचे दार आम्ही दोन वर्षांपूर्वी उतरवले. त्याच्या झडपांना बिजागऱ्या नव्हत्या. लाकडातच घडवलेल्या वरखालच्या खुंट्यांवर त्या फिरत, आणि डावी खुंटी वर्षानुवर्षांच्या वापराने जितकी एका अंगाला झिजली होती, तितकीच चौकटीची खोबणही त्याच अंगाला झिजली होती. त्या झडपा दुसऱ्या कोणत्याही चौकटीत तशा बसल्या नसत्या. आमच्या संगणकात ‘सागवानी दार, मोठे’ या नावाच्या सात नोंदी होत्या, प्रत्येकीचे माप वेगळे, फोटो वेगळा. यादी लांब दिसते म्हणून हिशेब पाहणाऱ्या मुलाने त्या सातही नोंदी मोडून ‘नग ७’ अशी एक ओळ केली. मी चिकोडीला एका वाड्याच्या मोजणीसाठी गेलो असताना गोव्याच्या गिऱ्हाइकाला सातांपैकी एक म्हणून नेमक्या त्याच झडपा दिल्या गेल्या आणि चौकट इथेच राहिली. मी जाब विचारला, तर उत्तर मिळाले, “दार ते दारच की ओ काका, अजून सहा हाईत.” तिसऱ्या दिवशी गोव्याला फोन लागला, तोवर तिथल्या सुताराने खुंट्या कापून बिजागऱ्या ठोकल्या होत्या. त्या क्षणी माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

त्यावर तोच संगणक मला ‘साठा कमी, मागणी नोंदवा’ असे बजावतो. मागणी कोणाकडे नोंदवायची? ते दार घडवणारा सुतार हयात नाही, आणि ज्या भिंतीत ते उभे होते ती भिंतही नाही.

आमच्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे गडी आहेत, आणि त्यांच्या कामाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण एकाने ‘उंबरा’ लिहिले आणि दुसऱ्याने तोच दगड कन्नडमध्ये ‘होस्तिलु’ म्हणून चढवला, तर हिशेबात दोन वस्तू उभ्या राहतात. खांब आणि कंब यांचेही तेच होते. गेल्या पावसाळ्यात खडूचे आकडे पाघोळ्यांनी धुऊन गेले, तेव्हा कागदावर अठरा खांब होते आणि गोदामात अकरा. सात खांब ‘कंब’ म्हणून दुसऱ्यांदा चढले होते, पण ते चोरीला गेले असे समजून मी दोन दिवस सगळ्यांची झाडाझडती घेत होतो, याची मला आजही लाज वाटते.

कराच्या बाजूने पाहिले तर हा निष्काळजीपणा सरळ खिशाला लागतो. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या नियमावलीत नियम ३२(५) प्रमाणे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला, त्याने खरेदीवरच्या कराची वजावट घेतलेली नसेल तर, खरेदी आणि विक्री यांतल्या फरकावरच कर भरण्याची सोय आहे. तो फरक काढायचा तर प्रत्येक वस्तूची खरेदीची किंमत हवी. आणि वाडा तर आम्ही उक्ता घेतो! म्हणजे उतरवणीच्या दिवशीच बसून त्या एका रकमेची चौकटीवर किती, तुळईवर किती, तळखड्यांवर किती अशी वाटणी करावी लागते. मी ती रात्री जागून करतो, आणि एका बटणाने सात ओळींची एक ओळ होते. लाकडाचे दलालही तसेच. आठ इंच चौरस आणि नऊ फूट उंच असा नक्षीचा खांब त्यांच्या लेखी फक्त चार घनफूट लाकूड असतो.

कौलांचे म्हणाल तर ‘मंगळुरी कौले, नग २,२००’ अशी ओळ लिहिणाऱ्याने ती एकदा छपरावर चढवून पाहावीत. निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसतीलच असे नसते, आणि न बसलेल्या खाचेतून आमच्याकडचा पाऊस थेट माजघरात येतो. पाठीवरचा शिक्का पाहून ढीग वेगळे ठेवा, हे सांगून माझा घसा बसला. त्यातच बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या कारखान्यातल्या कौलावर १८६५ हा आकडा दिसला की गिऱ्हाईक कौलच त्या सालचे समजते. तो कारखाना सुरू झाल्याचे साल आहे, हे समजावण्यात माझा अर्धा तास जातो.

आणि फोटो पाहून ‘असेच आणखी चार पाठवा’ म्हणणाऱ्यांना मी आता उत्तर देणेच सोडले आहे.

या आठवड्यात मी पत्र्याच्या चकत्या करून घेतल्या. प्रत्येक वस्तूवर एक चकती, प्रत्येक चकतीला वहीत एक पान, आणि पानावर दोन्ही भाषांतली नावे. झडपांविना भिंतीला टेकून उभ्या असलेल्या निपाणीच्या चौकटीला मी पहिली चकती ठोकली. तिच्या पानावर झडपांच्या रकान्यात ‘गोव्यात, खुंट्या कापलेल्या’ असे माझ्या हाताने लिहिले आहे, आणि ते पान कोणी दुसऱ्या पानात मिसळले तर त्याच दिवशी त्याचा हिशेब चुकता करीन, हे सर्वांना बजावून ठेवले आहे.